शाळकरी मुलांची उमेदवारी : शिकणे किती, राबणे किती?

दहावीचा शेवटचा पेपर मार्च महिन्यात संपतो आणि निकाल मे महिन्यात लागतो. मधल्या दोन महिन्यांत घरी बसलेला मुलगा वडिलांच्या डोळ्यांत खुपू लागतो. नेमक्या याच दिवसांत कापड बाजारात लग्नसराईची गर्दी असते आणि प्रत्येक दुकानाला जादा माणूस हवा असतो. वडील ओळखीच्या शेठकडे शब्द टाकतात, शेठ म्हणतो, "पाठवून द्या, चार गोष्टी शिकेल." मुलगा जातो. ताके उचलतो, चहा आणतो, रात्री दहाला शटर खाली ओढतो. महिन्याच्या शेवटी हातात काही पैसे येतात. निकाल लागतो तेव्हा मुलगा पास झालेला असतो, पण अकरावीच्या फॉर्मची घाई त्याला नसते आणि घरालाही नसते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत हे दरवर्षी घडते. चार गोष्टी शिकण्यासाठी गेलेला मुलगा पाच वर्षांनंतरही ताकेच उचलताना दिसतो.

दुसरीकडे सरकारी धोरण सांगते की शाळेतील मुलांना कामाच्या जागी पाठवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवून मुलांनी गावातील सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. सहावीपासून बारावीपर्यंत, सुट्टीच्या दिवसांतही, अशी संधी देता येईल असेही त्यात आहे. मग शेठच्या दुकानात गेलेल्या मुलात आणि शाळेने पाठविलेल्या मुलात फरक काय? दोघेही दुकानातच उभे आहेत. हा फरक पालक, शिक्षक आणि व्यापारी या तिघांनाही नीट समजला पाहिजे. तो न समजल्यामुळे चांगली योजना बदनाम होते आणि वाईट प्रथा चांगल्या नावाखाली चालू राहते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात. पहिली गोष्ट म्हणजे शाळेतील कार्यानुभव. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात त्याचा आग्रह धरला, पण बहुतेक शाळांत तो कागदी फुले आणि मेणबत्त्या यांवर येऊन थांबला. दुसरी म्हणजे शिकत असतानाच काही दिवस दुकानात, कारखान्यात किंवा कार्यालयात जाऊन काम पाहणे आणि करणे. यास इंटर्नशिप किंवा ऑन द जॉब ट्रेनिंग म्हणतात. आपल्या राज्यात एम.सी.व्ही.सी. या नावाने ओळखले जाणारे अकरावी-बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. त्यांत अशा प्रशिक्षणाची तरतूद होती. तिसरी गोष्ट म्हणजे शिकाऊ उमेदवारी, अर्थात अ‍ॅप्रेंटिसशिप. तिच्यासाठी १९६१ चा स्वतंत्र कायदा आहे, करार आहे, नोंदणी आहे आणि विद्यावेतन आहे.

आणखी दोन योजनांची चौकशी पालक नेहमी करतात. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, ती १८ ते ३५ वयासाठी. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना त्याच वर्षी आली, ती २१ ते २४ वयासाठी. शाळकरी मुलाचा या दोन्हींशी संबंध नाही. यांचा फॉर्म भरून देतो असे सांगून कोणी दहावीच्या मुलाकडून पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

वर्ध्यात झालेला विचार

मुलांना हाताच्या कामातून शिकवावे ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्याच वर्ध्यात गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तिने योजना तयार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. समितीचा अहवाल त्याच वर्षी डिसेंबरात आला. मूळ हस्तोद्योगासाठी दिवसाचे तीन तास वीस मिनिटे ठेवली होती आणि त्यात सूतकताई व विणकामाला मोठे स्थान होते. टकळीवर सूत काढता काढता मुलाने मोजणे शिकावे, कापसाबरोबर भूगोल शिकावा, असा तो विचार.

आम्हा कापडवाल्यांना यातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. या अहवालातच एक धोक्याची सूचना दिलेली होती. कामातून उत्पन्न निघते म्हटल्यावर त्या उत्पन्नाकडेच लक्ष जाईल, शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि त्या कामातून मुलाची बुद्धी वाढते की नाही हे बाजूला पडेल, अशा आशयाचा इशारा समितीने दिला. योजना करणाऱ्यांनाच तिचा दोष पहिल्या दिवशी दिसत होता. आज ऐंशीहून अधिक वर्षांनी दुकानाच्या उंबरठ्यावर उभे राहून पाहिले तरी प्रश्न तोच आहे. मुलाच्या हातून किती काम निघाले हे मोजायचे की मुलाच्या डोक्यात किती शिरले हे मोजायचे?

कायदा काय सांगतो

व्यापारी मित्रांनी हा भाग नजरेखालून जरूर घालावा. १९८६ च्या बालकामगार कायद्यात मनाई असलेल्या कामांची यादी होती आणि कापड छपाई, रंगाई व विणकाम ही कामे त्या यादीत होती. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी घातली. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत लावता येत नाही. ही बंदी मोडणाऱ्या मालकास सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करण्याची सवलत आहे, मात्र काम धोक्याचे नसावे आणि शाळा बुडू नये. येथे घरचे म्हणजे आईवडील, भाऊबहीण, काका, आत्या, मामा, मावशी. वडिलांचे जुने दोस्त यात येत नाहीत, मग त्यांना मुलगा कितीही वर्षे चाचा म्हणत असला तरी.

१४ ते १८ वयाच्या मुलाच्या कामाचे तासही ठरलेले आहेत. सलग तीन तासांहून जास्त काम नाही, त्यानंतर निदान एक तास विश्रांती. विश्रांती धरून एकूण सहा तासांहून जास्त नाही. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठपूर्वी काम नाही. जादा वेळ नाही. शाळेने मुलाला पाठविताना हेच तास डोळ्यांसमोर ठेवावेत. सकाळी अकरा ते दोन, मग जेवण, मग तीन ते पाच, एवढे कापड बाजाराला सहज जमते. लग्नसराईत दुकान रात्री दहापर्यंत उघडे असले तरी मुलगा पाचला निघाला पाहिजे. पाचला सोडण्याची ज्याची तयारी नाही त्याला मदतनीस हवा आहे, विद्यार्थी नको आहे.

सातवी-आठवीतील मुले बहुधा १४ च्या आतली असतात. त्यांच्यासाठी दहा दिवस म्हणजे पाहणे, विचारणे आणि वहीत लिहिणे. त्यांच्या हातात काम द्यायचेच नाही. प्रत्यक्ष कामातून शिकणे नववीच्या पुढे, खरे तर दहावीनंतर.

शिकाऊ उमेदवारीच्या कायद्यात किमान वय १४ आहे, धोकादायक उद्योगांतील व्यवसायांसाठी १८. मुलगा अज्ञान असेल तर करारावर पालकाची सही लागते. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे सक्तीचे झाले आणि ४ ते २९ माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक राहिले. म्हणजे बाजारातले मध्यम दुकानही रीतसर उमेदवार घेऊ शकते, हे आमच्या व्यापारी बंधूंपैकी फार थोड्यांना माहीत आहे. त्याच नियमांत दहावी पास उमेदवारास दरमहा किमान ६,००० रुपये आणि बारावी पास उमेदवारास ७,००० रुपये विद्यावेतन ठरले. २०२५ मध्ये केंद्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप परिषदेने त्यात ३६ टक्के वाढ सुचविली, तेव्हा करार करण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलते. नोंदणी अ‍ॅप्रेंटिसशिप इंडिया या सरकारी पोर्टलवर होते.

कायद्याच्या नजरेत उमेदवार हा कामगार नसून शिकणारा आहे. तरी तो कामावर जखमी झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. पंधरा दिवसांसाठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याच्या मागे असा करार नसतो. म्हणून त्याच्या बाबतीत सगळे कागदावर आधी लिहून घ्यावे लागते.

कापडाच्या दुकानात शिकण्यासारखे काय?

पालक विचारतात, शाळेत सायन्स, गणित शिकणारा मुलगा कापडाच्या दुकानात काय शिकणार? मी म्हणतो, तो जे गणित पाठ करून आला ते खरे आहे की नाही हे त्याला येथे कळेल.

सुताचा नंबर घ्या. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका त्याचा नंबर. म्हणून ३० नंबरच्या एक पौंड सुताची लांबी होते २५,२०० यार्ड. नंबर वाढला की सूत बारीक होते, हे उलट प्रमाण. आता समजा ग्रे कापड ४४ इंच पन्ह्याचे आहे, इंचाला ६० ताणे आणि ५२ पिक, दोन्हीकडे ३० नंबरचे सूत. ताण्याचे धागे झाले ४४ गुणिले ६०, म्हणजे २,६४०. एक मीटर म्हणजे सुमारे १.०९ यार्ड, म्हणून एका मीटरला ताण्याचे सूत सुमारे २,८८० यार्ड. यास २५,२०० ने भागून ४५४ ने गुणले की ५२ ग्रॅम येतात. बाण्याकडे पाहू. एका मीटरमध्ये ३९.४ इंच, इंचाला ५२ पिक, म्हणजे सुमारे २,०५० पिक. फणीतला पन्हा ४६ इंच धरला तर त्यांची लांबी सुमारे २,६२० यार्ड आणि वजन ४७ ग्रॅम. दोन्ही मिळून ९९ ग्रॅम. वेस्टेज आणि ताण्याचे आटणे वेगळे. सूत समजा २५० रुपये किलो असेल तर मीटरमागे सुताचेच पंचवीस रुपये झाले. मागाची मजुरी पिकला १५ पैसे धरली तर ५२ पिकांचे सात रुपये ऐंशी पैसे. वर सायझिंग, दलाली, गाडीभाडे. एवढा हिशोब एका पानावर बसतो. तो बसला की मुलाला समजते की सुतात किलोमागे दहा रुपये वाढले तर मीटरमागे एकच रुपया वाढतो, पण दहा हजार मीटरच्या सौद्यात तोच रुपया नफा खाऊन टाकतो.

हा हिशोब दहावीच्या गणितापलीकडचा नाही. उलट प्रमाण, गुणाकार, भागाकार, एकक बदलणे, एवढेच. तरीही बारावी पास झालेले कितीतरी मुलगे तो मांडू शकत नाहीत, कारण पुस्तकातल्या गणितात सूत कधी आलेच नाही.

यानंतर पिक ग्लास हातात द्यावा. एक इंचात किती धागे आहेत हे मुलाने स्वतः मोजावे आणि दलालाने सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. ५२ सांगितलेले कापड ४८ निघाले म्हणजे मीटरमागे किती पिकांची मजुरी आणि किती ग्रॅम सूत वाचविले गेले, हे तो आता स्वतः काढू शकतो. धंद्यात माल तपासणे का लागते हे त्याला यातून आपोआप कळते. घडी करताना तुटलेल्या ताराची रेघ, तेलाचा डाग, पिक विरळ पडल्याचा पट्टा ओळखणे, कोणता दोष मागामुळे आणि कोणता सायझिंगमुळे हे विचारणे, ताक्यावर मीटर लिहिणे, हे दोन-तीन दिवसांचे काम.

पुढचा आठवडा मेहताजींच्या शेजारी. चलन आणि बिल यांत फरक काय, कापडावर पाच टक्के जी.एस.टी. राज्यात दोन हिश्श्यांत आणि राज्याबाहेर एका हिश्श्यात कसा लागतो, राज्याबाहेर जाणारा ५०,००० रुपयांवरचा माल ई-वे बिलाशिवाय गाडीत का चढत नाही, उधारी किती दिवसांची आणि त्यावर व्याज कसे चढते. मुलाने एक बिल स्वतः बनवावे, मेहताजींनी ते लाल पेनाने तपासावे, मग खरे बिल बनवावे.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी येथे एक जादा लाभ आहे. मी स्वतः उर्दू शाळेतून आलो. शाळेत आम्ही जर्ब आणि तकसीम शिकलो, बाजारात आलो तो कोणी गुणाकार-भागाकार म्हणे, कोणी मल्टिप्लाय म्हणे, आणि जुने मेहताजी गुजरातीत आकडे लिहीत. हिशोब येत होता, शब्द येत नव्हते. आजही उर्दू माध्यमाचा मुलगा मराठी विषयात पास होतो, पण गिऱ्हाईकासमोर मराठीत दोन वाक्ये बोलताना अडखळतो. पंधरा दिवस काउंटरच्या मागे उभा राहून तो जितकी मराठी शिकेल तितकी वर्गात वर्षभरात होत नाही.

कारखान्यात मात्र मुलाला मागावर उभे करू नये. शटल उडते, पट्टे फिरतात, कापसाची धूळ आणि आवाज तर असतोच. माग कसा चालतो हे त्याने जॉबरबरोबर फिरून एक दिवस पाहावे, बंद मागावर ताणा, फणी, बीम ओळखावे आणि बाहेर यावे. रंगाई आणि ब्लीचिंगच्या खात्यात विद्यार्थ्याने पाऊलही टाकू नये असे माझे मत आहे. कोणी म्हणेल, आमच्या काळी आम्ही दहाव्या वर्षी कांडी भरत होतो. भरत होतो, आणि त्यातले कितीजण आज ऊन-सावलीत बसून खोकत आहेत तेही पाहावे.

शेठजींचा हिशोब

आता व्यापाऱ्याच्या बाजूने बोलू. पंधरा दिवसांत विद्यार्थी दुकानाला काहीच कमावून देत नाही, हे आधीच मान्य करावे. पहिले चार-पाच दिवस उलट नुकसानच होते, कारण शिकविणाऱ्या माणसाचा वेळ जातो. तो शिकून तयार होतो तेव्हा त्याचे दिवस संपलेले असतात. त्यामुळे जो व्यापारी म्हणतो की मला दरवर्षी शाळेची चार मुले पाठवा, फार उपयोग होतो, त्याच्याकडे जरा बारकाईने पाहावे. उपयोग कसा होतो?

मग व्यापाऱ्याने मुले घ्यावी कशासाठी? आमच्या बाजारात बिल नीट बनविणारा, माल तपासणारा, फोनवर पार्टीशी सभ्यपणे बोलणारा तरुण मिळत नाही, ही तक्रार प्रत्येक शेठच्या तोंडी आहे. अशी माणसे कुठून तरी तयार होऊन येतील ही अपेक्षा कशी करता येईल? पूर्वी उस्ताद-शागिर्दीची रीत होती. शागिर्द सात-आठ वर्षे उस्तादाजवळ राहायचा आणि उस्तादाला त्याच्या हुनराचा अभिमान असायचा. त्या रीतीत पिळवणूकही भरपूर होती, तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण शिकविणे हे उस्तादाचे काम आहे एवढे त्यात सर्वांना मान्य होते. आज दुकानात शेठ आहेत, मॅनेजर आहेत, शिकविणारा कोणी नाही. म्हणून विद्यार्थी घेताना एका माणसाचे नाव ठरवावे, जो रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसेल. ते नाव ठरत नसेल तर मुलगा घेऊ नये.

शाळांबद्दलही बोलले पाहिजे. आमच्या बाजारात एका कॉलेजचे विद्यार्थी कित्येक वर्षे महिनाअखेरीस यायचे आणि तीस दिवस काम केल्याच्या दाखल्यावर शिक्का मागायचे. त्यातल्या बहुतेकांचा चेहरा आम्ही पहिल्यांदाच पाहत असू. मी नकार दिला की ते शेजारच्या दुकानातून शिक्का आणायचे. त्या सर्व वर्षांत त्या कॉलेजचा एकही शिक्षक बाजारात येऊन विचारून गेला नाही की आमचा मुलगा येतो का, काय शिकतो. अशाने दाखल्याची किंमत शून्य होते, आणि जो मुलगा खरोखर तीस दिवस आला त्याचाही दाखला कोणी वाचत नाही.

हे कसे टाळावे याबाबत जर्मनीतील पद्धत पाहण्यासारखी आहे. तेथे शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षांत मुले दोन-तीन आठवडे एखाद्या दुकानात किंवा कारखान्यात जातात आणि परतल्यावर त्यावर लेखी अहवाल देतात. शाळा संपल्यावर मोठ्या संख्येने मुले दुहेरी पद्धतीच्या उमेदवारीत शिरतात. आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, अशी ही दोन ते साडेतीन वर्षे असतात. त्यासाठी १९६९ चा कायदा आहे. माझ्या मते तिची खरी ताकद परीक्षेत आहे. मुलगा शिकला की नाही हे त्याचा मालक ठरवीत नाही, त्याची शाळाही एकटी ठरवीत नाही. उद्योग-व्यापार मंडळाची परीक्षा होते, तीत मालक, कामगार आणि शिक्षक अशा तिन्ही बाजूंचे लोक बसतात. मालकाने मुलाला वर्षभर झाडूच मारायला लावला असेल तर ते तेथे उघडे पडते.

इंग्लंडचा अनुभव वेगळा आहे. तेथे चौदा ते सोळा वयाच्या मुलांना कामाशी संबंधित शिक्षण देण्याची शाळांवरची सक्ती २०१२ मध्ये उठविण्यात आली. त्याआधी २०११ मध्ये अ‍ॅलिसन वूल्फ यांच्या अहवालाने भर सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर द्यावा असे सुचविले होते. २०२० पासून सुरू झालेल्या टी लेव्हल अभ्यासक्रमात म्हणूनच किमान ३१५ तास, म्हणजे सुमारे ४५ दिवस, प्रत्यक्ष उद्योगात घालवावे लागतात. लहान वयात थोडे पाहणे आणि मोठ्या वयात जास्त करणे, हा क्रम आपल्यालाही लागू पडतो.

आपल्या गावात जर्मनीसारखी परीक्षा आज होणार नाही. पण व्यापारी संघटना आणि शाळा मिळून एवढे नक्की करू शकतात की शेवटच्या दिवशी मुलाला तिसऱ्याच दुकानदारासमोर बसवावे. समोर कापडाचा तुकडा आणि पिक ग्लास ठेवावा. वजन काढ, पडता काढ, बिल बनव. वीस मिनिटांत कळेल की तो शिकला की राबला.

मुलींचा प्रश्न

दहावीच्या निकालात मुली पुढे असतात आणि अशा योजनांत मात्र त्या दिसत नाहीत. पालक म्हणतात, बाजारात कशी पाठवू? ही काळजी उडवून लावण्यासारखी नाही. पण तिच्यावर इलाज आहेत. दोन-तीन मुलींना एकत्र पाठवावे, एकटीला नाही. जागा अशी निवडावी जेथे आधीपासून बायका काम करतात. कर सल्लागाराचे कार्यालय, पॅथॉलॉजी लॅब, औषधांचे दुकान, ड्रेस डिझायनिंगचे युनिट, छापखान्याचे संगणक खाते, शाळेचे स्वतःचे ऑफिस. शिक्षिकेने आठवड्यातून दोनदा न सांगता जावे. आमच्या कापड धंद्यात डिझाइन आणि रंगसंगतीचे काम मुली फार चांगले करतात आणि ते मागाजवळ न जाता, टेबलावर बसून होते. त्या घरात बसून ओढण्यांना टिकल्या लावतातच, नगावर, चार-दोन रुपयांत. त्यापेक्षा त्या नगाची बाजारातली किंमत कशी ठरते हे पंधरा दिवस पाहू दिले तर काय बिघडेल?

पैसे आणि कागद

पैसे द्यावेत की नाही, यावर नेहमी वाद होतो. माझे मत सांगतो. दहा-पंधरा दिवस केवळ शिकण्यासाठी आलेल्या मुलाला पगार नको, पण जाण्यायेण्याचे भाडे आणि नाश्ता दुकानाने द्यावा. गरीब घरचा मुलगा भाड्याअभावी राहू नये. महिन्याहून जास्त ठेवायचे असेल तर फुकट ठेवू नये, रीतसर उमेदवारीची नोंद करावी आणि विद्यावेतन बँकेत जमा करावे. पगार देऊन काम घ्यायचे असेल तर त्याला शिक्षण म्हणू नये, मग तो कामगार आहे आणि त्याचे सर्व कायदे लागू आहेत.

कागद एक पानाचा पुरे. त्यात मुलाचे वय, जन्मतारखेच्या दाखल्यासह. किती दिवस, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती ते किती वाजता. काय शिकवायचे, पाच-सहा ओळींत. कोण शिकविणार, नावासह. कोणत्या यंत्राला आणि कोणत्या खात्यात जायचे नाही. इजा झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वय १८ पूर्ण झाल्यावरच मिळते, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. शाळेने गटविम्याची चौकशी करावी किंवा खर्च दुकानाने करावा असे स्पष्ट लिहावे. खाली पालक, मुख्याध्यापक आणि दुकानदार यांच्या सह्या. प्रती तीन.

यातली सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटच्या तारखेची. ती लिहिलेली असली की लग्नसराई ऐन भरात असतानाही शेठला मुलगा सोडावा लागतो आणि मुलालाही माहीत असते की अमुक दिवशी आपले येथले काम संपले. मुलाने रोज एक पान वही लिहावी, उर्दूत, मराठीत, जशी जमेल तशी. त्या पानावर शिकविणाऱ्याची सही घ्यावी. शिक्षक आला की आधी वही मागावी. "आज ताके लावले" असे तीन दिवस सलग लिहिलेले दिसले तर मुलाला त्याच दिवशी परत न्यावे.

ज्या शाळांना येत्या उन्हाळ्यात मुले पाठवायची आहेत त्यांनी डिसेंबर-जानेवारीतच बाजारात फिरून जागा ठरवाव्यात. एप्रिलमध्ये कोणत्याही शेठला बसून बोलायला वेळ नसतो आणि त्या वेळी जो लगेच हो म्हणतो त्याला बहुधा ताके उचलायलाच माणूस हवा असतो. परीक्षा संपल्यावर एक आठवडा विश्रांती, मग पंधरा दिवस दुकान, आणि एप्रिल अखेरच्या आत परत. म्हणजे निकालाच्या वेळी मुलगा घरी असेल आणि अकरावी, आय.टी.आय. किंवा डिप्लोमाचा फॉर्म भरताना, आपण बाजारात काय पाहिले हे त्याच्या ध्यानात ताजे असेल.